गाडीचा हीटर गरम हवा देत नाही? हीटर कोर फ्लश करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी दिवाळी उलटली की हे प्रश्न सुरू होतात. कुणी डिसेंबरात स्पितीला निघालेलं असतं, तर कुणाची जुलैत ताम्हिणी घाटात समोरची काच धुकटून फजिती झालेली असते. मी मेकॅनिक नाही. नाशिकमध्ये राहतो आणि गेली बरीच वर्षं माझ्या दोन जुन्या गाड्यांची कामं स्वतःच करतो. खाली लिहिलंय ते हात काळे करून शिकलेलं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. फ्लश (म्हणजे कोर आतून पाण्याने धुणं) करायला बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरजच नसते, त्यामुळे चौथा प्रश्न वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

१. हीटर कोर म्हणजे काय? आमचा मेकॅनिक 'हीटर कॉइल' म्हणतो, ते वेगळं का?

दोन्ही एकच. डॅशबोर्डच्या आत, साधारण मधोमध, वहीएवढा छोटा रेडिएटर बसवलेला असतो. इंजिनातून तापून आलेला कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी आणि रसायन यांचं मिश्रण, बोलताना नुसतं 'पाणी') एका होज पाइपने त्यात शिरतो आणि दुसऱ्या पाइपने परत इंजिनाकडे जातो. ब्लोअरची हवा त्याच्या पापुद्र्यांमधून गेली की गरम होते. इंजिन नीट तापलेलं असलं की कूलंट ८५ ते ९५ अंशांच्या आसपास असतो. 'कूलिंग कॉइल' मात्र वेगळी, ती एसीची. गॅरेजमध्ये नुसतं 'कॉइल खराब आहे' म्हणाले तर कोणती ते विचारून घ्या. दोन्हींच्या बिलात बराच फरक पडतो.

२. महाराष्ट्रात हीटर लागतोच कुणाला?

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा पहाटे द्राक्षबागेकडे निघालेल्या माणसाला विचारा. पण थंडीपेक्षा आपल्याकडे हीटरची खरी गरज पावसाळ्यात असते. आंबोली, महाबळेश्वर, माळशेज, कुठल्याही घाटात पाऊस लागला की काच आतून धुकटते. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती हवा कोमट करतो. दोन्ही एकत्र लावले की काच मिनिटभरात स्वच्छ होते आणि प्रवासी कुडकुडतही नाहीत. हे माहीत नसलेले लोक एका हाताने फडकं फिरवत घाट उतरतात. हीटर बंद पडलाय हे त्यांना कळतच नाही, कारण ते कधी लावूनच पाहत नाहीत. मेमध्ये एकदा, पाच मिनिटांसाठी का होईना, लावून पाहा. शेजारच्याने हसलं तर हसू द्या.

३. हीटर लावला की मायलेज कमी होतं ना?

नाही. एसीला कंप्रेसर फिरवावा लागतो, म्हणून इंधन जातं. हीटर इंजिनाची अशीही वाया जाणारी उष्णता वापरतो. खर्च होतो तो ब्लोअरच्या विजेचा, आणि तो नगण्य असतो.

४. गरम हवा येत नाही. कोरच तुंबलाय हे कसं ओळखायचं?

हाताने. बोनेट उघडलं की मागच्या बाजूला, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, शेजारी शेजारी दोन होज पाइप आत जाताना दिसतील. साधारण अंगठ्याएवढे जाड असतात. गाडी वीसेक मिनिटं चालवून इंजिन पूर्ण तापू द्या. हीटरची कळ सगळ्यात गरमवर ठेवा, ब्लोअर मध्यम. मग दोन्ही पाइपांना हाताच्या मागच्या बाजूने क्षणभर स्पर्श करा. पकडून ठेवू नका, नव्वद अंशांचं पाणी आहे ते. बाही, ओढणी, मफलर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हेही ध्यानात असू द्या.

एक पाइप कडक गरम आणि दुसरा कोमट किंवा गार लागला, तर कोरमधून पाणी धड वाहत नाही. म्हणजे तो तुंबलाय, आणि फ्लशचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. तापमान लांबून मोजणारी छोटी बंदूक असेल तर आणखी बरं. ब्लोअर मध्यम असताना दोन पाइपांत पंधरा-वीस अंशांहून जास्त फरक दिसला तर मी कोरवर संशय घेतो. ब्लोअर पूर्ण वेगात असेल तर थोडा जास्त फरक साहजिक आहे, कारण हवा उष्णता ओढून नेत असते.

दोन्ही पाइप कडक गरम आणि तरी हवा गार? मग कोर निर्दोष आहे. आत गरम-थंड हवा मिसळणारी एक झडप असते. तिची केबल निसटली असेल किंवा तिला हलवणारी छोटी मोटर गेली असेल. फ्लश करून काहीही होणार नाही.

दोन्ही पाइप गार असतील तर आधी कूलंटची पातळी पाहा. ती कमी असेल तर हीटरला पाणी पोचतच नाही, कारण बऱ्याच गाड्यांत कोर उंचावर असतो. पातळी ठीक असेल तर एअर लॉक, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, शोधा (चौदावा प्रश्न पाहा). काही जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर पाण्याचा व्हॉल्व असतो. तो वर्षानुवर्षं न हलवल्याने बंद अवस्थेत घट्ट झालेला असू शकतो.

दोन्ही कोमट असतील आणि तापमानाचा काटाही हायवेवर खाली पडत असेल, तर थर्मोस्टॅट पाहा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व. आपल्याकडे एक जुनी खोड आहे. गाडी एकदा तापली की मेकॅनिक थर्मोस्टॅटचा व्हॉल्व काढून फेकून देतो, वर म्हणतो, 'आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाय साहेब.' गरज असते. तो नसेल तर हायवेवर इंजिन कधी पूर्ण तापत नाही, इंधन जास्त जातं आणि हीटर कोमट फुंकर मारत बसतो. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर आत व्हॉल्व आहे का, हे आधी उघडून पाहा.

५. हवा गरम आहे, पण जोरच नाही.

केबिन फिल्टर काढून झटका. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. आतून पिंपळाची पानं, उंदराने आणलेला कापूस, काहीही निघू शकतं. याचा कूलंटशी संबंध नाही.

६. कोर तुंबतो कशाने? रेडिएटर तर व्यवस्थित आहे.

कोरच्या नळ्या रेडिएटरपेक्षा बारीक असतात आणि त्यातून पाणीही कमी वाहतं. त्यामुळे गाळ आधी तिथे बसतो. ज्या गाड्यांत पाण्याचा व्हॉल्व आहे, त्यात हीटर बंद असेपर्यंत कोरमधलं पाणी हलतच नाही. म्हणजे आपल्याकडे वर्षातले दहा महिने साचलेलं डबकं.

आणि गाळ येतो कुठून? मुख्यतः आपल्या हातून. कूलंट कमी झाला की पेट्रोल पंपावरची बादली किंवा घरची बोअरची बाटली ओतायची, ही सवय जुनी आहे. दख्खनच्या बोअरचं पाणी किती जड असतं हे गिझरची कॉइल काढून पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. तोच पांढरा थर इथेही धरतो. शिवाय नुसत्या पाण्यात गंजरोधक काहीच नसतं, त्यामुळे इंजिनाच्या बिडाच्या भागांना गंज चढतो आणि तो तांबूस चिखल होऊन फिरत राहतो. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र झाले तर कधी कधी चिकट साका धरतो, तो आणखी वाईट.

मग हळद. हसू नका. रेडिएटरला बारीक गळती लागली की त्यात मूठभर हळद टाकायची, हा ट्रक ड्रायव्हरांचा जुना उपाय आहे आणि तो चालतोही. हळद फुगते, भोकाशी जमते आणि गळती थांबते. पण भोक कुठलं आणि नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या बाटल्यांचंही तत्त्व साधारण हेच. रात्री अकरा वाजता कसाऱ्यात अडकलात तर टाका हळद, मीही टाकेन. पण घरी पोचल्यावर गळती नीट दुरुस्त करा आणि सगळी सिस्टीम धुऊन काढा. माझ्या पहिल्या गाडीच्या कोरमधून निघालेलं पाणी चक्क पिवळं होतं. आधीच्या मालकाने गाडी विकताना ही हकिगत सांगितली नव्हती.

७. सीएनजी किट बसवल्यापासून हीटर मंद झालाय. योगायोग?

बहुधा नाही. टाकीतला सीएनजी २०० बारच्या आसपास दाबलेला असतो. रेड्यूसरमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या किटच्या भागात, त्याचा दाब उतरला की तो भयंकर गार होतो, म्हणून रेड्यूसरला गरम कूलंट पुरवावा लागतो. बाहेरून किट बसवताना हा कूलंट सहसा हीटरच्याच पाइपांना टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतात. टी बारीक असेल, होज मुडपला असेल किंवा जोडणी चुकली असेल, तर पाणी सोपी वाट धरून रेड्यूसरमधून फिरतं आणि कोर उपाशी राहतो. आधी ते सगळे जोड तपासा. उलटंही घडतं. कूलंट कमी असेल तर रेड्यूसरवर बर्फ धरतो आणि गाडी गॅसवर झटके देते. हीटर गार आणि गॅसवर झटके, दोन्ही एकाच वेळी असेल तर दुखणं पाण्यात आहे.

८. फ्लश अजिबात करू नये असं कधी?

कोर गळत असेल तेव्हा. पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं आणि चिकट, हीटर लावला की गोडसर वास, काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट पडदा, ही त्याची लक्षणं. (ओल नुसती स्वच्छ पाण्याची असेल आणि उन्हाळ्यात एसी लावल्यावर येत असेल, तर एसीची पाणी जाणारी नळी तुंबलीय. तो किरकोळ मामला.) गळका कोर धुतला तर गळती वाढते. कधी कधी तर गाळानेच भोक बुजवलेलं असतं आणि तो धुऊन काढल्यावर पाणी थेट पायावर. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला हात घालताना ही जोखीम धरूनच चाला.

कूलंटमध्ये तेल दिसत असेल, म्हणजे झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका, तर आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) आणि ऑइल कूलर तपासून घ्या. ते दुरुस्त न करता धुणं म्हणजे पाऊस चालू असताना अंगण झाडणं.

९. सामान काय काय लागेल?

पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, दोन नव्या होज क्लिपा. बागेची पाइप, दोन बादल्या, हातमोजे, चष्मा. हार्डवेअरच्या दुकानातून मीटर-दोन मीटर पारदर्शक पाइप आणा, गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी, पण हीटरच्या होजच्या मापाची. ती पारदर्शक हवी, कारण पाणी स्वच्छ यायला कधी लागलं ते दिसलं पाहिजे. शिवाय तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. पाणी घेताना डबा वाचून घ्या. बॅटरीत टॉप-अप करायचं पाणी हवंय, बॅटरीचं ॲसिड नव्हे. दोन्हींचे डबे दुकानात शेजारीच असतात.

१०. प्रत्यक्ष कसं करायचं?

सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असताना. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. सिस्टीममध्ये दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन उसळतं. असे भाजलेले हात मी पाहिलेत.

आधी मोबाइलवर दोन्ही पाइपांचे फोटो काढा आणि एकाला रंगीत चिकटपट्टी लावा. इंजिनाच्या हेडकडून येणारा पाइप आत जाणारा, वॉटर पंपाकडे जाणारा परतीचा. खाली बादली ठेवून थोडा कूलंट काढून घ्या. आता पाइप सोडवायचे. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुना रबर कोरच्या नळीला फेविकॉल लावल्यासारखा चिकटलेला असतो. माणूस वैतागून ओढतो, आणि आतली ॲल्युमिनियमची नळी वाकते किंवा प्लास्टिकचा जोड तुटतो. मग डॅशबोर्ड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा ओढू नका, पिळा. क्लिप मागे सरकवून होज दोन्ही बाजूंना थोडाथोडा फिरवा. नाही सुटला तर ब्लेडने लांबीत उभा कापा आणि नवा टाका. शक्य असेल तर पाइप कोरच्या टोकाला न सोडता इंजिनाच्या टोकाला सोडा. तिथला जोड मजबूत असतो.

व्हॉल्ववाली गाडी असेल तर हीटरची कळ गरमवर असल्याची खात्री करा, नाहीतर बंद दारावर पाणी मारत बसाल. आता परतीच्या पाइपला नळाची पाइप जोडा आणि आत जाणाऱ्या पाइपला पारदर्शक पाइप, तिचं टोक बादलीत. म्हणजे पाणी नेहमीच्या उलट दिशेने जाईल. गाळ ज्या बाजूने येऊन अडकला त्याच बाजूने बाहेर पडतो, सुलट दिशेने ढकलला तर आणखी घट्ट बसतो. नळ हळू सोडा. आधी जुना कूलंट येईल, मग तांबूस, मग कधी कधी एकदम काळपट खवले. दोन मिनिटांनी पाइपांची अदलाबदल करा, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. दिशा बदलली की प्रत्येक वेळी थोडा नवा गाळ सुटतो. घाई नको. बागेच्या नळाशेजारी स्टूल टाकून बसा, चहा घ्या.

काम झालं की नाही हे डोळ्यांना फसव्या पद्धतीने दिसतं. पाणी स्वच्छ येतं, पण ते दहापैकी तीन मोकळ्या नळ्यांतून. म्हणून मी बादली लावतो. दहा लिटरची बादली नुसत्या नळाने किती वेळात भरते ते मोजा, मग तेवढ्याच सोडलेल्या नळाने कोरमधून किती वेळ लागतो ते मोजा. माझ्याकडे नुसती पाऊण मिनिटात भरत होती, तुंबलेल्या कोरमधून साडेतीन मिनिटं. पहिल्या धुण्यानंतर दोन मिनिटं, आणि बाराव्या प्रश्नातला उपाय केल्यावर जेमतेम एक. धुतल्यावरही आकडा हलत नसेल तर तो कोर गेला असं समजा.

शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा, म्हणजे नळाचे क्षार आत राहणार नाहीत. कोरमध्ये लिटरभराच्या आतच पाणी मावतं, त्यामुळे फार लागत नाही. आणि फक्त कोर धुऊन थांबू नका. इंजिन व रेडिएटरमधलं जुनं पाणीही काढून टाका, नाहीतर तिथला गाळ दोन-तीन महिन्यांत परत याच बारीक नळ्यांत येऊन बसेल.

११. आमच्या सोसायटीचा नळ जोरात येतो. चालेल का? सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप?

पंप अजिबात नको. गाडी धुण्याचा पंप कोरच्या जोडांचा क्षणात निकाल लावेल.

नळाचा हिशेब सोपा आहे. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल. सिस्टीम साधारण तेवढ्या बारच्या दाबासाठी बनवलेली आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर दहा मीटर उंचीमागे एक बार दाब देतं. तिमजली इमारत असेल तर खाली पार्किंगमध्ये एक बारच्या आसपास मिळतो, म्हणजे काठावर. सात मजली असेल तर दोन बारच्या वर. पाणी मोकळं वाहत असेल तर एवढा दाब कोरवर येत नाही. पण कोर तुंबलाय म्हणूनच तर आपण इथे बसलोय. म्हणून नळ पूर्ण कधीच सोडायचा नाही आणि पाण्याचं टोक बोटाने दाबून 'प्रेशर मारायचं' नाही. बंगल्यावर टाकी असणाऱ्यांचं या एका बाबतीत बरं आहे.

१२. सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, सोडा, काय टाकू?

नुसत्या पाण्याने भागलं तर काहीच नको. क्षार आणि गंज जास्त असेल तर किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड चांगलं. लिटरभर गरम (उकळतं नव्हे) पाण्यात ४०-५० ग्रॅम विरघळवा, कोरमध्ये हळूहळू भरा, अर्धा तास राहू द्या आणि मग भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका. आजकालचे कोर पातळ ॲल्युमिनियमचे असतात, ॲसिड क्षारानंतर त्यांच्याकडे वळतं.

टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ॲल्युमिनियम खातं, फरशीवर किती छान चालतं याच्याशी त्याचा संबंध नाही. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला वाईट. व्हिनेगर चालतं, पण सायट्रिक ॲसिडपेक्षा त्यात खास काही नाही आणि गाडीला आठवडाभर लोणच्याचा वास येतो. तेलकट साका असेल तर त्यावर ॲसिड काम करत नाही, त्यासाठी कूलिंग सिस्टीम धुण्याचं तयार द्रावण आणा.

१३. नंतर कूलंट कोणता? हिरवा, लाल, निळा?

रंगावर जाऊ नका. रंग कंपनी ठरवते, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहा आणि डब्यावर 'तयार' लिहिलंय की 'पाणी मिसळा' ते वाचा. तयार कूलंटमध्ये पुन्हा पाणी घालणारे आणि दाट कूलंट तसाच ओतणारे, दोन्ही प्रकारचे लोक मला भेटलेत. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. लेहच्या जानेवारीलाही ते पुरतं. नुसतं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. त्यात इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फुटू शकतो, कोरचं काय घेऊन बसलात. 'महाराष्ट्रात चालतंय की' म्हणून पाण्यावर चालवलेली गाडी घेऊन हिवाळ्यात अटल बोगद्याच्या पलीकडे मुक्काम करू नका.

१४. सगळं केलं, तरी डॅशबोर्डमागे खळखळ आवाज येतो आणि हवा गारच.

आत हवा अडकलीय. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच राहील. इंजिन गार असताना झाकण काढा, हीटरची कळ गरमवर ठेवा, आणि इंजिन सुरू करून उभ्या गाडीत तापू द्या. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, भरत राहा. कूलंट वर चढून सांडायला लागण्याआधी झाकण लावून टाका. काही गाड्यांत हीटरच्या पाइपवर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करून पाण्याची अखंड धार आली की आवळायचा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला की काम बहुधा झालं. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी गार इंजिनावर पातळी पाहत चला, थोडी उतरतेच.

१५. गॅरेजवाला म्हणतो, 'हीटर बायपास करून देतो, शंभर रुपयांत काम.' करू का?

कोर गळतोय आणि तुम्ही रस्त्यात आहात, तर जरूर करा. दोन्ही पाइप एकमेकांना जोडले की कोर वगळला जातो आणि गाडी चालते. पण ती मलमपट्टी आहे, आणि तिची नोंद ठेवा.

माझ्या गाडीचा असा बायपास एका गॅरेजने मला न सांगताच केला होता. जानेवारीत आम्ही चौघं शिमला-किन्नौरमार्गे काझाकडे निघालो. नारकंड्याला हीटर लावला, गार हवा. वाटलं, इंजिन तापायचं असेल. रिकाँगपिओला बायको म्हणाली, 'अहो, हा हीटर आहे की एसी?' काझाला पोचेस्तोवर मागच्या सीटवरचे दोघे स्लीपिंग बॅगेत बसले होते, आणि मी पुढची काच आतून खरवडत होतो, कारण आमच्या श्वासाचा बर्फ धरत होता. तिथल्या एका ड्रायव्हरने बोनेट उघडलं आणि बोट दाखवलं. दोन्ही होज एका वाकड्या पाइपने आपसांत जोडलेले. त्याने ते दहा मिनिटांत पुन्हा कोरला लावले. नशिबाने कोर गळका नव्हता, फक्त तुंबलेला होता. परतीचा प्रवास निदान कोमट झाला. फ्लश करायला शिकलो तो त्यानंतरच्या रविवारी.

म्हणून थंडीच्या प्रदेशात जाण्याआधी निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी हीटर लावून पाहा.

१६. फ्लश किती दिवस टिकतो? की कोर बदलूनच टाकू?

नंतर नियमाने चांगला कूलंट वापरलात तर वर्षानुवर्षं टिकतो. वर्षाच्या आत पुन्हा तुंबला तर गाळ कुठून तरी येतोय, तो उगम शोधा. बदलायचाच झाला तर सुटा भाग फारसा महाग नसतो, महाग असते ती मजुरी. अनेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तो पुन्हा कितीही काळजीने बसवला तरी कुठेतरी खुळखुळ राहतेच. जुन्या तांब्या-पितळेच्या कोरला रेडिएटरवाले डाग देऊन गळती बंद करतात. ॲल्युमिनियमच्या कोरच्या बाबतीत तो नाद सोडा.

१७. घाटात इंजिन तापलं तर हीटर लावावा म्हणतात. खरंय?

खरंय. कोर हाही रेडिएटरच, त्यामुळे एसी बंद करून हीटर गरमवर आणि ब्लोअर पूर्ण केला की इंजिनाची थोडी उष्णता केबिनमधून बाहेर जाते. खिडक्या उघडा, घाम गाळा आणि पुढच्या सुरक्षित जागी थांबा. काटा लालमध्येच असेल तर हे प्रयोग न करता ताबडतोब थांबा. आणि हो, कोर तुंबलेला असेल तर हा उपाय हाताशी नसतो.

१८. मी कॅनडात आहे, बाहेर उणे पंचवीस. काही वेगळं?

निदान तेच, दोन पाइपांना हात लावण्याचं. फरक दोन. कोरमध्ये नुसतं पाणी उरलेलं असताना गाडी रात्री बाहेर ठेवू नका, तापलेल्या गॅरेजमध्येच काम करा आणि त्याच दिवशी योग्य मिश्रण भरून गाडी फिरवून आणा. आणि एवढ्या थंडीत अर्धवट उघडा राहिलेला थर्मोस्टॅट कोरपेक्षा जास्त संशयास्पद, तो स्वस्तही असतो, आधी तो बदला. इथून तिकडे गेलेल्यांनी टॉप-अपसाठी नळाचं पाणी वापरायची सवय मात्र विमानतळावरच सोडावी.

१९. इलेक्ट्रिक गाडीचं काय?

तिथे फुकटची इंजिन-उष्णता नाही. हीटर बॅटरीवर चालतो, आणि तिथे तो लावला की रेंज खरोखरच कमी होते. वरचं बहुतेक लिखाण तुम्हाला लागू नाही.

२०. निघालेला जुना कूलंट कुठे ओतू?

गटारात नाही, झाडाच्या बुंध्यातही नाही. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. बादली क्षणभरही उघडी सोडून आत चहाला जाऊ नका. सांडलेलं पाण्याने लगेच धुऊन, फडक्याने टिपून घ्या. जुना कूलंट कूलंटच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही, घरात मुलं असतील तर मुळीच नाही. कॅनवर मार्करने 'विष' लिहा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. बहुतेक जण घेतात. एकाने नाही घेतलं तर दुसऱ्याला विचारा.